ग्यानूमामांची सोबत

आमच्या इमारतीत कुणाला नुसती शिंक आली तरी वरच्या मजल्यावरून पहिला प्रश्न यायचा, "कवा जायाचं?" ताप आहे का, घसा दुखतो का, असल्या चौकशीत ग्यानूमामांना रस नव्हता. ते डॉक्टरांनी बघावं. मामांचं काम बरोबर जाण्याचं. "कुठे जायचं नाहीये हो मामा, साधी सर्दी आहे," असं म्हटलं की त्यांचा चेहरा थोडा पडायचा. मग "बरं, बघ. वाटलं तर हाक मार," असं म्हणून ते जिना चढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दारात हजर. मला कितीदा वाटायचं, एकदा तरी यांच्या समाधानासाठी आजारी पडावं.

ग्यानोबा सोनकांबळे हे त्यांचं पूर्ण नाव. सिकंदराबादला रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. हैदराबादच्या कोठी भागात, मागच्या गल्लीत आमची बिनलिफ्टची जुनी इमारत. सोनकांबळे वर, आम्ही खाली. माझे ते नात्याने कुणी नव्हते. आई त्यांना भाऊ म्हणायची, म्हणून ते माझे मामा. बुटका बांधा, सावळा रंग, केस तेल लावून मागे चापून बसवलेले, अंगात बाराही महिने पांढरा बुशशर्ट. आवाज असा की जिन्यात खालच्या पायरीवर बोलले तरी गच्चीवर ऐकू यावं. हळू बोलणं त्यांना जमायचंच नाही, आणि दवाखान्यात तर मुळीच नाही.

दवाखान्यात जायची त्यांची एक कापडी पिशवी दाराच्या मागे भरलेलीच असायची. तिच्यात चादर, पंचा, स्टीलचा पेला आणि लिंबाच्या लोणच्याची छोटी बरणी. लोणच्याबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. दवाखान्यातली खिचडी माणसाला जगावंसं वाटू देत नाही, आणि डॉक्टरांची औषधं त्यापुढे काय करणार, असं ते डॉक्टरांनाही सांगायचे.

हे सोबतीचं वेड त्यांच्याकडे वडिलांकडून आलेलं. वडील देगलूरजवळच्या एका खेड्यातून हैदराबादला आले आणि नामपल्लीच्या एका सरकारी कचेरीत शिपाई झाले. पुढे राज्यांची फेररचना झाली. हैदराबाद राज्याचे तीन वाटे झाले, कचेऱ्यांतली कपाटं वाटली गेली तशी माणसंही वाटली गेली. मामांचे दोन्ही काका तिकडे, मुंबई राज्यात गेले. वडील मात्र इथेच राहिले. मामा सांगायचे, "मराठवाडा तिकडं गेला बग, पर त्याचे आजार हितंच येत ऱ्हायले." हे अगदी खरं होतं. देगलूर, बिलोली, उदगीरकडच्या माणसाला मुंबई म्हणजे परदेश. दुखणं वाढलं की तो हैदराबादची गाडी धरायचा. आणि सोनकांबळ्यांच्या गावचा, किंवा त्या गावाशी कसलाही संबंध असलेला प्रत्येक आजारी माणूस त्यांच्या दोन खोल्यांत येऊन उतरायचा.

एकदा असं झालं की गावाकडची एक बाई आली, आणि वडिलांना रजा मिळेना. त्यांनी तिला दवाखान्याच्या फाटकापर्यंत नेलं, कागद हातात दिला आणि ते कामावर गेले. आत कुणाला तिचं बोलणं कळेना, तिला कुणाचं कळेना. एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर फिरून ती घाबरून गेली आणि कुणालाच न दाखवता आलेल्या पावली गावी परतली. तिकडेच वारली. वडिलांनी ती गोष्ट मरेपर्यंत मनाला लावून घेतली आणि घरात नियम करून टाकला, की सोबत असल्याशिवाय कुणी दवाखान्याची पायरी चढायची नाही. वडिलांमागे घर जसं मामांकडे आलं, तसा नियमही आला. "दुखणं सांगायला एक तोंड पुरत न्हाई," ते म्हणायचे. "दुखणाऱ्याचं तोंड तर घाबरल्यालं असतंय. दुसरं लागतंय."

आमच्या घरात तीन पिढ्या वकिली. माझे वडील मामांना जिन्यात भेटले की नमस्कार करायचे, हवापाण्याचं बोलायचे, पण इतक्या वर्षांत वर त्यांच्या घरी चहाला कधी गेले नव्हते. का गेले नव्हते ते दोघांनाही ठाऊक होतं आणि कुणी बोलून दाखवत नव्हतं. मग बाबांचं पोटाचं ऑपरेशन झालं. मी आणि आई परेशान, कोण कुठल्या खिडकीवर जाणार ते ठरेना. मामा पिशवी घेऊन आले, खुर्ची ओढून बसले ते बाबांना घरी सोडेपर्यंत. बाबांना चमच्याने पेज भरवली ती त्यांनीच. कोर्टात समोरच्याला बोलू न देणारा माझा बाप "आता लोनचं चाटा, वकीलसाब," म्हटलं की निमूट तोंड उघडायचा. घरी आल्यावर चालायला लागले तसे बाबा पहिल्यांदा कुठे गेले असतील तर वरच्या मजल्यावर, चहाला. नंतर ते होते तोवर रोजच जात राहिले. आई म्हणायची, घरातला चहा यांना आता कडू लागतो.

म्हणजे मामा संतमहात्मा होते असं कुणी समजू नये. त्यांच्या पोटात कुणाचंच दुखणं राहायचं नाही. माझ्या पित्ताशयात खडे झाले तेव्हा ते कोठीतल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानदाराला माझ्याआधी कळले होते. नामपल्लीजवळ एका लग्नात त्यांनी पंगतीत बसून माझ्या मूळव्याधीच्या शंकेवर भाष्य केलं, तेव्हा मी महिनाभर त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलंच नाही. ते रोज येऊन "आता कसं हाय?" विचारत राहिले, आणि शेवटी मलाच कंटाळा आला.

अधिकार गाजवायची सवयही भारी होती. एकदा गावाकडचा एक म्हातारा छातीच्या तपासणीला आला. ईसीजीच्या वायरी बघून तो खाटेवर झोपेचना. शॉक देऊन मारतात म्हणे. तंत्रज्ञ वैतागला, म्हातारा दाराकडे पळाला. मामांनी काय करावं? बुशशर्ट काढला आणि स्वतःच खाटेवर आडवे झाले. "लगाव मियाँ. पयले मेरेकू लगाव." तंत्रज्ञ म्हणाला, असं चालत नाही, चिठ्ठी कुणाच्या नावाची आहे? "चिठ्ठी गेली खड्ड्यात, बुड्ढा भागरा ना!" त्यांच्या आवाजाने बाहेरची रांग आत डोकावायला लागली. शेवटी त्याने सुटका म्हणून मामांना वायरी लावल्या. म्हातारा चार पावलं जवळ आला, मामा मेले नाहीत हे नीट बघितलं, आणि मग झोपला.

तरुण डॉक्टर रोग्याकडे न बघता मामांशीच बोलायला लागला की त्यांना राग यायचा. ते एक पाऊल मागे सरकायचे. "डॉक्टरसाब, ये अम्मा इधर है. इनसे पूछो, मै बताता उनो क्या बोले सो." मग म्हातारीकडे वळून, "सांग गं बाई, कुठं दुखूलालंय? घाबरू नक्को." तेलुगू बोलणारी नर्स आली की तेलुगू. कोणत्याच भाषेत त्यांचं व्याकरण धड नव्हतं. पण घाबरलेल्या माणसाचा हात हातात धरून ते तिन्ही भाषांत असे काही वावरायचे की तो माणूस हळूहळू श्वास सोडायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मग ती साथ आली आणि सगळं बंद झालं.

सुरुवातीला मामा पिंजऱ्यात घातल्यासारखे गच्चीवर फेऱ्या मारायचे. देगलूरकडचा रस्ता राज्याच्या सीमेवर अडवलेला, गाड्या बंद. गावाकडून फोन यायचे, कुणाला झटका, कुणाचं बाळंतपण अडलेलं. मामा फोनवर ओरडून धीर द्यायचे आणि फोन ठेवला की खाली मान घालून बसायचे. आणि एक बातमी त्यांच्या फार जिव्हारी लागली होती. दवाखान्यांत आता सोबतीच्या माणसाला आत घेत नाहीत. रोगी एकटा आत, बाकीचे फाटकाबाहेर. "ह्याला काय दवाखाना म्हंतेत?" ते मला म्हणाले. साथ आहे, मामा, नाइलाज आहे, असं मी म्हणाले. ते खरंही होतं. ते म्हणाले, "आसंल. पर आमी न्हाई जाणार बाबा तसं." मी हसले होते.

एक दिवस सकाळी शेवंतामामींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, वरून मला हाक मारली. मामी कमी बोलणारी बाई, हाका मारणारी तर नव्हेच. मी वर गेले. मामा खुर्चीत बसले होते, घामाने शर्ट भिजलेला, डावा हात मांडीवर टाकलेला. जबड्यापर्यंत कळ येत होती. मी म्हणाले, उठा, निघू या.

"रवी येऊलालाय," मामा म्हणाले.

रवी त्यांचा भाचा, सिकंदराबादला राहणारा. मामांनी कळ सुरू झाल्याबरोबर त्यालाच फोन केला होता आणि त्याची वाट बघत बसले होते. ती कळ पहाटेपासूनची होती. मुलगा पुण्यात अडकलेला, मामींचे गुडघे गेलेले, तेव्हा सोबतीला रवी. नियम म्हणजे नियम. तिकडे रवीला पोलिसांनी नाक्यावर अडवलं होतं. "मामा, पास मागलेत, सोडेनात," असं तो फोनवर सांगत होता आणि मामा त्याला "येतो म्हन, दुसऱ्या रस्त्यानं ये," असं म्हणत होते. ज्या माणसाने उभा जन्म लोकांना हाताला धरून वेळेवर पोचवलं, तो स्वतःसाठी सोबतीची वाट बघत वेळ घालवत होता. असा वेडेपणा दुसऱ्या कुणाच्या हातून झाला नसता.

"मी येते ना सोबत," मी म्हणाले.

"तू नक्को. तुझ्या घरात आई हाय, ऐंशीला टेकल्याली. तू दवाखान्यात जाऊन आलीस आन् तिला कायी झालं तर?"

मी चिडले. मला तसाही राग लवकर येतो, पण त्या दिवशीइतका कधी आला नव्हता. "मामा, आता एक शब्द बोललात तर मी आईलाच वर आणून बसवेन. उठा म्हणते ना!" अॅम्ब्युलन्सला फोन लागला, पण गाडी मोकळी नव्हती. मग माझी गाडी काढली. मामा माझ्या खांद्यावर हात टाकून उतरले. मामी आमच्या मागून एकेका पायरीवर बसत, कठडा धरत खाली आल्या. नको म्हटलं तरी त्या ऐकेनात.

पहिल्या दवाखान्यात फाटकावरच कपाळाला ताप मोजायचं यंत्र लावलं. ताप नव्हता. "कोविडचा रिपोर्ट?" रिपोर्ट कुठून असणार? तो काढायला द्या, आला की या. हार्ट अटॅक आहे हो, मी ओरडले. फाटकावरच्या माणसाने हात जोडले. त्याच्या हातात काही नव्हतं हे मलाही दिसत होतं.

"आपल्या दवाखान्यात चल," मामा म्हणाले. आपल्या म्हणजे ज्या मोठ्या दवाखान्यात त्यांची हयात गेली होती. तिथे सगळंच बदललेलं. सगळ्या इमारती साथीच्या रोग्यांना दिलेल्या, हृदयाचा विभाग दुसरीकडे हलवलेला. ज्या बाजूच्या फाटकातून मामा वर्षानुवर्षं आत शिरायचे तिथे पत्रे ठोकले होते. चहावाला नव्हता, ओळखीचा पहारेकरी नव्हता, कुठल्या बाणाने कुठे जायचं ते वाचूनही कळत नव्हतं. मामांनी काचेतून त्या पत्र्यांकडे बघितलं आणि डोळे मिटले. गाडीत मागे मामी त्यांचा घाम पदराने टिपत होत्या. मला ते दोघं आरशात दिसत होते आणि मी रिकाम्या रस्त्यावर आयुष्यात कधी चालवली नाही तशी गाडी चालवत होते.

तिसऱ्या ठिकाणी घेतलं. रिपोर्टची वाट न बघता, अंगभर पांढरे पोशाख चढवून घेतलं. त्या लोकांचे उपकार मी विसरणार नाही.

पुढचं आधीच सांगून टाकते, कारण ते बोलताना मला मध्ये थांबायचं नाहीये. बंद पडलेली रक्तवाहिनी त्यांनी उघडली. पण उशीर झाला होता. डॉक्टर बाहेर येऊन लांब उभे राहून म्हणाले की हृदयाचा फार मोठा भाग गेलाय, आणखी लवकर आणायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा गेले. साथ त्यांना झालेलीच नव्हती, म्हणून देह निदान घरच्यांच्या हाती मिळाला. अंत्यसंस्काराला आम्ही मोजकीच माणसं. रवीने त्रिसरण म्हटलं, आणि एका हातात फोन उंच धरून ठेवला होता. पलीकडे देगलूरकडे कितीतरी घरं तो आवाज ऐकत होती. मामांनी ज्यांना दवाखान्यात नेलं ती सगळी त्या दिवशी आली असती तर रस्ता पुरला नसता. एकालाही येता आलं नाही.

मला अजून राग येतो. फाटकावरच्या माणसांचा येतो, पत्र्यांचा येतो, नाक्यावरच्या पोलिसांचा येतो, मामांच्या नियमाचा तर फारच येतो. नीट विचार केला की त्यातला प्रत्येक जण कुणाला तरी वाचवायलाच धडपडत होता. मामासुद्धा माझ्या आईला वाचवत होते. मग राग कुठे ठेवायचा ते कळत नाही.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्या तिसऱ्या दवाखान्याच्या फाटकात. चाकाची खुर्ची आली. पांढऱ्या पोशाखातली नर्स, तिचे फक्त डोळे दिसत होते, म्हणाली, "सिर्फ पेशंट." मामांनी गाडीचं दार घट्ट धरून ठेवलं.

"मी एकटा न्हाई जात," ते म्हणाले. "चल, घरी चल."

असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. जिन्यातून गच्चीपर्यंत पोचणारा तो आवाज मला, शेजारी उभी असून, कान देऊन ऐकावा लागला. आत गेल्यावर कुणीही त्यांचा हात धरणार नव्हतं. दुखणं सांगायला त्यांचं एकट्याचंच तोंड असणार होतं, आणि ते घाबरलेलं होतं. मी काय बोलले आठवत नाही. रडले असणार. नर्स म्हणाली, "अंकल, टाइम नहीं है, जल्दी."

तेवढ्यात मामी दुसऱ्या बाजूने उतरल्या. फाटकाच्या भिंतीला धरत धरत पुढे आल्या आणि अगदी भिंतीला लागून खाली फरशीवर बसल्या.

"जावा तुमी," त्या म्हणाल्या. "मी हितं हाय."

"हितं बाहेर?"

"मग? मधी एक भिंतच हाय की. तुमी तिकडून, मी हिकडून. म्या न्हाई हालत हितनं."

पहारेकरी धावत आला. "अम्मा, इधर नक्को बैठो, उधर दूर जाव." मामींनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मराठीतच म्हणाल्या, "माझा माणूस आत चाललाय." त्याला भाषा कळली नसावी, पण तो छपराखाली परत गेला.

मामा मामींकडे बघत राहिले. मग त्यांनी दार सोडलं आणि माझा हात धरून चाकाच्या खुर्चीत बसले. नर्सने खुर्ची वळवली, उतारावरून आत ढकलायला सुरुवात केली. काचेचं दार उघडलं. आणि मामांनी चाकावर हात घालून खुर्ची थांबवली. मला वाटलं, आता परत फिरतायत.

"ओ मियाँ!" ते पहारेकऱ्यावर ओरडले. अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडले. "उनकू कुर्सी देव! घुटने खराब है उनके. नीचे बैठे तो उठना नई होता!"

"अंकल, प्लीज," नर्स म्हणाली.

पहारेकऱ्याने इकडेतिकडे बघितलं, छपराखालची स्वतःची प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि भिंतीशी आणून ठेवली. मी मामींना काखेत धरून उठवलं. त्यांना वेळ लागला. आधी एक गुडघा, मग दुसरा. नर्स घाई करत होती, मी रडत होते, आणि मामी खुर्चीत नीट टेकून बसेपर्यंत मामांनी चाकावरचा हात काढला नाही.